लाकडाचा बाणा

मावशीचा माग उभा नसतो.
इकडे चिलोए बेटावर तो जमिनीलगत, चार खुंट्यांत,
आणि विणणारी त्याच्यापुढे गुडघ्यांवर,
कणीक तिंबायला बसल्यासारखी.

होडीच्या तीन खेपांत आलेलं घर
अंगणात पडलंय ताडपत्रीखाली.
घर म्हणजे आता नुसती फळकुटं,
अलेर्सेच्या लाकडाची, वीतभर रुंद,
माशाच्या खवल्यांसारखी भिंतीवर बसायची.

पूर्वी घर हलवायचं तर गाव जमायचं,
बैल जुंपून अख्खं घर, चुलीसकट,
समुद्रकाठानं ओढत न्यायचं.
यंदा कुणी जमलं नाही.
यंत्र आलं. दुपारी दोनला जागा मोकळी.

मी खिळे काढते.
ओतिलिया मावशी फळकुटं चिरते काडीइतकी बारीक,
भिजवते, वाकवते,
राखाडी लोकरीच्या ताण्यात घालते.
एक फेर लोकरीचा, एक काडी घराची.
ठक्. ठक्.
"लोकर ऐकते गं," म्हणते,
"ह्याचा बाणा वेगळा.
सत्तर वर्षं पाऊस अंगावर घेतलाय,
माझं कशाला ऐकेल?"

समुद्राकडची रुपेरी, हाताला मऊ.
चुलीकडची काळी,
अजून धुरावल्या शिंपल्यांचा वास.
ती मिसळू देत नाही मला.
आणि एक वाकडा खिळा काढूही दिला नाही.
"राहू दे."
का, ते विचारायची सोय नव्हती.

कास्त्रोच्या दालनात टांगलं ते, नऊ हात लांब.
सांतियागोहून आलेल्या बाईंनी नाव विचारलं.
मावशी म्हणाली, भिंत.
किंमत विचारली.
मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

उशिरा आला एलेउतेरियो, घराचा धनी,
बुटांना चिखल.
जवळ गेला. हुंगलं.
एक सांधा बोटानं चाचपला, जिथून गळायचं.
मग दुसरीकडेच बघत
ओली टोपी काढली
आणि खिळ्याला अडकवली.

दालनातली पोरगी धावली, हात लावू नका!
मावशीनं नुसता पंजा आडवा धरला.

तो बसला कोपऱ्यात, वाईन प्याला,
बटाट्यांवरच्या किडीबद्दल बोलला बराच वेळ,
आणि जाताना टोपी घेऊन गेला.

लोकर तिथं दोन बोटं ओघळलीय.
बाई म्हणतात, सरळ करून द्या.
मावशी नव्या ताण्यापुढे गुडघे टेकते, पुटपुटते,
"ओल्या टोपीचं वजन
मी धरलंच नव्हतं."