माइक नको

ओउलूत नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात.
दुकान आवरत होतो, तेव्हा इर्याबाई आल्या,
काउंटरवर वही सरकवली : व्हिडिओ करायचाय, घरीच.
मी सवयीने आधी माइक काढला,
कॉलरला लावायचा, महागातला.
त्यांनी तो उलटसुलट पाहिला, डबीत परत ठेवला
आणि लिहिलं : मला ऐकू येत नाही. नातीलाही.
गोष्टी हातांनी सांगायच्यात.

माइकच्या पैशात दुसरा दिवा बसला.

शनिवारी त्यांच्याकडे गेलो.
कॅमेरा मागे, आणखी मागे, पार कपाटाला टेकेपर्यंत,
कारण अस्वल उभं राहतं तेव्हा बोटं डोक्यावर जातात
आणि मी ती दोनदा कापली होती.
फुलाफुलांचा पडदा उतरवून राखाडी चादर टांगली.
तरी करंगळीची सावली अंगठ्यावर पडायची.
दिव्यांना बेकिंगचा कागद लावला,
तेव्हा कुठे विरली.

चाचणीला त्यांनी कोल्हा सांगितला.
मला कळली फक्त शेपूट.
पण हेडफोन होते माझ्या कानांवर, सवयीनेच,
आणि कॅमेऱ्यातल्या फुटकळ माइकमधून येत होतं
लोकरीच्या बाहीचं घासणं,
तळहातावर तळहात,
कोल्ह्याने उडी मारण्याआधी
रोखून धरलेला श्वास.

काय ऐकू येतंय? वही पुढे आली.

पेन हातात धरून मी नुसताच बसलो.
मग लिहिलं : फ्रिज.

त्या खदखदून हसल्या,
उठल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन
प्लग उपटून आल्या,
माझ्यासाठी.