कळ काढा

धनकवडी. शटर अर्धं ओढलेलं,
कंपाउंडर घरी गेलेला,
आणि ही बाई बाकावर बसेना.
उठते, वाकते, भिंतीला कपाळ टेकते,
दारापर्यंत जाऊन परत येते.
अंगात खाकी, गळ्यात तिकिटाचं मशीन.
मंदाकिनी खैरे, कात्रज–निगडी.

आतडं फुटलेलं माणूस निपचित पडतं,
श्वाससुद्धा जपून घेतं.
हे येरझारा घालणारं दुखणं वेगळं.
बोटानं दाखवा म्हटलं, तर तिनं अख्खा तळवा
कमरेमागून पुढे, खाली जांघेपर्यंत फिरवला,
रूट सांगावा तसा.

तरी विचारलंच.
ताप? थंडी वाजली? पाळी कधी आली होती?
ती बेसिनवरून ओरडली,
आधी सुई द्या, मग चौकशी करा!
बरोबर होतं तिचं.
पण एकदा नव्हतं विचारलं मी.
त्या मुलीचं नाव अजून पाठ आहे.

पाळी कालच संपलेली. मांडीत इंजेक्शन.
लघवीत पट्टी बुडवली.
रक्ताचा चौकोन हिरवा होतो,
इतक्या वर्षांनीही मला ते विचित्रच वाटतं.

वीस मिनिटांनी टेकली बाकावर.
पाणी किती पिता?
हसली. पहिल्यांदाच.
"सकाळी अर्धा ग्लास. मग एकदम घरी गेल्यावर.
मधे बायकांनी जायचं कुठं, मॅडम?
ड्रायव्हर चांगलाय, तो म्हणतो,
जरा कळ काढा."

तीस वर्षं मी चिठ्ठीच्या तळाशी लिहिते:
भरपूर पाणी.
आज पेन तिथं अडलं.

लिहिलं तरी. सोनोग्राफी लिहिली, गोळ्या लिहिल्या,
घरातली जुनी चहाची गाळणी
आता चहाला वापरू नका म्हटलं.
हुडहुडी भरून ताप आला
तर सकाळची वाट बघायची नाही, थेट ससून.
मग लेटरहेड घेतलं, डेपो मॅनेजरला:
सदर महिला कर्मचाऱ्यास दर दोन तासांनी
लघवीस जाऊ देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक.
शिक्का जरा जोरातच बसला.

नवव्या दिवशी आली.
तिकिटाच्या कागदाची पुडी सोडली:
तिळाएवढा. तपकिरी. काटेरी.
"एवढुशानं लोळवलं मला?"
दोघी वाकून बघत बसलो,
नाकातली चमकी सापडावी तशा.

आणि पत्राचं?
"बघू म्हणाले."

दुपारचे चार वाजले होते.
तिच्या पिशवीतून बाटली डोकावत होती,
नवी, निळ्या झाकणाची,
गळ्यापर्यंत भरलेली.