होय / नाही

तालुक्यातून फॉर्म आलेत, दर मुलामागे एक.
अठ्ठावीस प्रश्न, समोर दोन चौकोन:
होय, नाही.
मधल्या उत्तरांना जागा नाही.

पाजपंढरीच्या आमच्या अंगणवाडीला खिडकी एकच,
तीही खाडीकडे उघडते.
त्यामुळे माझी मुलं
आधी भरती शिकतात, मग अ-आ.

प्रश्न अकरा.
वस्तू नजरेआड केल्यास मूल शोधते का?
मी शिंपला रुमालाखाली ठेवते.
चोगल्यांची तेजू, दहा महिन्यांची,
रुमालाकडे बघते, मग माझ्याकडे,
मग दारातल्या मांजराकडे.
शिंपला तिच्यापुरता जगातून गेला.
या सोमवारी मात्र तिने रुमालच ओढला
आणि शिंपला घातला तोंडात.
तो बाहेर काढताना मनात आलं,
न दिसणारंही असतं, हे हिला कळलं.
म्हणजे आता आई जेट्टीवर निघाली
की ही रडणार.

निहा मुकादम, साडेचार वर्षं.
बसक्या टोपातलं पाणी तिच्यादेखत
उभट बाटलीत ओतते. कशात जास्त होतं?
"बाटलीत." विचार करायची गरजच नाही.
मॅडम म्हणतात, सातव्या वर्षापर्यंत येईल समज.
मी हर्णैच्या लिलावात बघितल्यात बायका,
तीच कोळंबी टोपलीभर पसरून दुप्पट करणाऱ्या,
आणि घेणारेही बघितलेत,
पन्नाशीतले, चष्मा लावलेले.

निहा एक डोळा मिटते,
लांबचा ट्रॉलर चिमटीत धरते.
"ताई, गावली!"
हे फॉर्मवर कुठेच नाही.
मी समासात लिहिते:
बोट पकडली, दोन बोटांत.

घरी सासरे. पोशा तांडेल, वय एक्क्याऐंशी.
दुपारचं जेवण चार वाजेतो हरवतं.
मला कधी बहिणीच्या नावाने हाक,
कधी नुसतं "गो".
पण फाटलं जाळं मांडीवर दिलं
की हातांना सगळं आठवतं.
सुई जाते, गाठ बसते, पुढची गाठ.
"कशी घालता?" विचारलं की हात थांबतात,
आणि ते त्यांच्याकडे बघत राहतात,
भलत्याच कुणाचे असल्यासारखे.
म्हणून आता विचारत नाही.

काल रात्री उरलेला एक फॉर्म
मी त्यांच्यासाठी भरायला घेतला.
कुणाला सांगू नका.
स्वतःचे नाव सांगतो का? होय.
रंग ओळखतो का? निळ्याला पाणी म्हणतो.
तीन शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगतो का?
बांगडा, कंदील, सुतळी.
पाच मिनिटांनी: "बांगडा आणलास?"

मग अकरावा.
मी रुमाल शोधत होते, तोवर
ते उठून दारात गेले,
ओहोटीच्या काळ्या चिखलाकडे बघत म्हणाले,
"आयली का गो नाम्याची होडी?"

नाम्या त्यांचा धाकटा भाऊ.
मी या घरात यायच्या कितीतरी आधीचा.
होडी मिळाली होती म्हणतात,
आड्याच्या बाजूला, पालथी.

मी पेन होयवर नेलं.
मग नाहीवर.
खाडीत तेव्हा टिपूस पाणी नव्हतं,
पण ते कुठेतरी होतंच.
"भरतीबरोबर येईल," मी म्हटलं.
ते आत आले, जेवण झालं का विचारलं.
मी पुन्हा वाढलं.

आज गठ्ठा पाठवताना एक फॉर्म कमी आहे.
मॅडम विचारतील.
सांगेन, भिजला.