थाप

पाथर्डी फाट्याला, टायरच्या दुकानावर
पत्र्याचा एक हॉल आहे.
पाटीवर जिउ-जित्सू, त्यातला 'त्सू' उन्हाने उडालेला.
तिथे मी आठवड्यातून तीनदा
पैसे भरून गुदमरायला जाते.

दोन वर्षं झाली. पट्टा अजून पांढराच,
म्हणजे आता पांढराही नाही,
अंबडच्या धुळीने आणि माझ्या घामाने
ओल्या खडूसारखा झालाय.

दिवसभर मी बेअरिंगं तपासते.
हातात गेज. आत गेलं तर पास,
नाही गेलं तर लाल खोक्यात.
मधलं काही नसतं.
म्हणून असेल,
संध्याकाळी स्वतःला कुठे टाकावं ते कळत नाही.

आज जुईली खैरनार होती समोर.
एकोणीस वर्षांची, येऊन सहा महिने झालेत.
तिला पहिल्या आठवड्यात पडायचं कसं ते
मीच शिकवलं होतं:
हनुवटी छातीला, डोकं उचललेलं, हात आधी जमिनीवर.
ती पडायला शिकली
आणि मग पडेनाच.

माझीच कॉलर तिने माझ्या गळ्याभोवती ओढली,
शांतपणे,
तांदळाच्या पिशवीचं तोंड बांधावं तशी.
कानात शिट्टी वाजायला लागली,
खिडकीतली पांडवलेणीची टेकडी
आधी करडी झाली, मग अरुंद,
आणि मी तिच्या दंडावर थापटलं. दोनदा.
पकड लगेच सुटते.
इतकी लगेच, की राग धरायलाही काही उरत नाही.

धात्रक सर लांबून म्हणाले,
"श्वास घ्या, वृंदाताई. हाताने नाही, कमरेने."
कमरेने!
दोन वर्षं हे ऐकतेय, मला ते पाठ आहे,
कमरेला मात्र कुणी सांगितलेलं नाही.

अकराव्या वेळेनंतर मी उठले ती थेट कोपऱ्यात.
पट्टा सोडला, चुरगाळून बॅगेत कोंबला,
जिन्यात येऊन बसले.
खाली एक पोरगा ट्रकच्या टायरात हवा भरत होता,
पंप बंद करून कान लावायचा,
पुन्हा थोडी भरायचा.
मला कशातूनही बोध घ्यायचा नव्हता.
गाडी काढली. दातांचं कव्हर वरच राहिलं.
राहू दे म्हटलं.

अण्णा नोट प्रेसमधून रिटायर झालेत.
शाई फुटलेल्या, तिरक्या कापलेल्या नोटा
तीस वर्षं बोटांनी वेगळ्या काढल्या त्यांनी.
मी आले की विचारतात, "आज किती?"
मी म्हणते, "दोनदाच."
म्हणजे हॉलमध्ये हाताने आणि घरी तोंडाने,
माझ्या थापाच थापा.

आज भाकरी थापताना तळहात ठणकला
आणि तोंडातून खरं निघालं.
"अकरा."
अण्णांनी भाकरी कुस्करली,
मीठ मागितलं,
मग म्हणाले,
"मोजल्यास ना?
म्हणजे शुद्धीवर होतीस."

मला लगेच हसू आलं नाही.
भांडी घासताना आलं.

रात्री तो जाड सदरा धुतला.
डिसेंबरचं पाणी, बोटं लाल करणारं.
कॉलर सगळ्यात शेवटी वाळते,
गुरुवारपर्यंत जेमतेम.
पिळता पिळता ती गळ्याशी धरून पाहिली,
जुईलीचा अंगठा कुठे होता ते शोधत.
इथे. कानाच्या जरा खाली.
म्हणजे हनुवटी त्याच्या आधीच
वळायला हवी होती.

गच्चीत, थंडीत, एकटीच
वळवून पाहिली.
पुन्हा एकदा, कंबर घेऊन.
समोरच्या बाल्कनीतल्या बाईने
दिवा लावला.