एकविसावी कुर्ली

देवगडच्या अलीकडे, सड्यावर,
जिथे एसटी हात दाखवला तरच थांबते,
तिथे आमची बाग : सागरवैभव.
फायबरचा देवमासा. तोंडातून आत शिरायचं,
शेपटीकडून घसरत बाहेर.
सिमेंटचे खलाशी, सिमेंटची सुरमई,
आणि गलबतावरचा तांडेल,
ज्याचं नाक दर पावसात झडतं
आणि दर दसऱ्याला मी परत बसवते.
एरवी मी तिकीट खिडकीत असते.

तिकिटाच्या पाठी छापलंय :
बागेत एकवीस कुर्ल्या लपल्या आहेत.
सगळ्या शोधा, कोकम सरबत मोफत.
नऊ वर्षांत एकही पेला फुकट गेलेला नाही.
मालक खूश आहेत या योजनेवर.

कुर्ल्या जगू मेस्तरींनी काढलेल्या.
एक कोळणीच्या अंबाड्यात, अबोलीच्या वळेसरात फूल होऊन बसलेली.
एक तांडेलाच्या विडीच्या धुरात.
एक देवमाशाच्या टाळूला;
ती दिसायला घसरण्याआधी मान वर करावी लागते
आणि त्या क्षणी वर कोण बघतं?
एक शौचालयाच्या पाटीवर, ‘स्त्रिया’मधल्या स्त्रच्या पोटात.
एक माझ्याच खिडकीच्या चौकटीवर, कोपराखाली.
तिच्यावर मी दोन वर्षं हात टेकून बसत होते.

वीस मला ठाऊक.
एकविसावी विचारली की मेस्तरी
कानावरची विडी काढून पेटवायचे
आणि विषय काडीबरोबर विझायचा.
शेवटी, जामसंड्याच्या दवाखान्यात,
नाकात नळी असताना म्हणाले,
“वीस मिया काढलंय.
एकविसावी मिया फकत मोजलंय.”
मला वाटलं, तापात बोलतायत.

या वैशाखात गडहिंग्लजची एक जीप आली.
तिच्यातून एक मुलगी, कस्तुरी,
गुडघ्यावर खपली, हातात पेन.
आईबाप देवमाशाच्या सावलीत बसले,
ती मात्र खलाशांच्या काखा तपासत फिरली,
तांडेलाच्या मांडीवर चढून त्याच्या डोळ्यांत बघून आली.
चारच्या सुमाराला तिकिटावर वीस टिंबं होती.
बाप जीपला चावी लावून : चल, कुणकेश्वर गाठायचाय.
ती रडली नाही.
विकतचं सरबत घेऊन गाडीतळावर गेली
आणि उघड्या कातळावर पेला आपटला. रागानेच.

सरबत उताराला जायला हवं होतं.
गेलं नाही.
थोडं धावलं, थबकलं, वळलं,
कातळातल्या एका रेघेत उतरलं
आणि रेघ चालायला लागली.
एक पाय. दुसरा. मग वाकडा तिसरा.
उन्हं तिरपी झाली होती,
नऊ वर्षं ज्याला मी गाडीच्या टायरचा ओरखडा समजत होते
तो आता एक नांगी होता,
माझ्या हाताएवढा लांब, उघडा.

दुसरी नांगी जीपच्या खाली.
“बाबा, गाडी मागे घ्या,” ती म्हणाली,
इतक्या हळू की त्याने निमूट घेतली.

मी खिडकी उघडी टाकून गेले. उकिडवी बसले.
रेघेत बोट घातलं. कडा गुळगुळीत,
छिन्नीची खूण नाही, रंगाचा ठिपका नाही.
मेस्तरींची नाही ही. कोणाची ते विचारायला
तेवढं जुनं माणूस कुठून आणू?
“ही मोजायची?” तिने विचारलं.
मी नवा पेला भरून आणला.
तिने अर्धा प्यायला, अर्धा दुसऱ्या नांगीत ओतला.

रात्री हिशेबाच्या वहीत लिहिलं :
सरबत, मोफत, एक.
मालकांनी वाचलं. “सापडली? कुठे होती?”
“होती तिथेच,” म्हटलं.
पुढच्या महिन्यात गाडीतळाला फरशा बसायच्या आहेत,
ठेकेदाराचा ट्रक येऊन उभासुद्धा आहे.
त्याबद्दल काय बोलायचं ते मी जुळवत होते,
जुळलं नाही, झोप लागली.

सकाळी कुलूप काढायला गेले तर
सरबत वाळलेलं, आणि साखरेच्या मागावर
मुंग्या लागलेल्या, हजारो,
सगळ्या पायांतून, दोन्ही नांग्यांतून.
कातळावर काळीभोर कुर्ली
हलत होती.