चालू रीडिंग

दर महिन्याच्या सात तारखेपासून
सेलूच्या गल्ल्यांत मी आकडे टिपत फिरते.
छत्री, मोबाइल, गळ्यात ओळखपत्र,
कुत्र्यांसाठी पिशवीत बिस्किटांचा पुडा.
दार वाजवायचं, म्हणायचं, "मीटर."
फोटो काढायचा. निघायचं.
बाकी तोंड उघडायचं नाही, असं एजन्सीवाल्यानं
पहिल्याच दिवशी बजावलंय.

पण आकडे बोलतात, माय,
कितीही गप्प बसवले तरी.
मुंजाजी घाटुळांच्या ओट्यावरचा दिवा
दुपारी बारालाही जळत असतो,
देवापुढचा मात्र विझलेला.
हनीफभाईच्या बर्फ कारखान्यात
मीटरचा लाल ठिपका
माझी पापणी लवेपर्यंत तीनदा मिचकावतो.
आणि बाजारातल्या पतसंस्थेत
भर एप्रिलात कॅशियरबाई
स्वेटर घालून नोटा मोजतात.
एसी अठरावर, वर पंखा,
आणि दार सताड उघडं,
का, तर गिऱ्हाइकाला बंद वाटू नये.

माझं माहेर परळीकडचं,
राखेच्या तळ्याच्या वाऱ्याखालचं.
आई पापड वाळू घालते ते जुन्या लुगड्याखाली झाकून.
तरी दाताखाली कचकचतंच.
बाबा म्हणायचे, "मीठ जरा कमीच टाक."
लहानपणी आम्ही ओसरीच्या फरशीवर
बोटानं मुळाक्षरं गिरवायचो,
पाटी-पेन्सिल लागलीच नाही.

म्हणून मला युनिट दिसत नाही.
मला चिमूट दिसते.
दोनशे अठ्ठावीस चिमटी.
चारशे एकेचाळीस चिमटी.
कुणाच्या तरी रिकाम्या खोलीतला पंखा
आईच्या लुगड्यावर
भुरुभुरु पडत राहतो.

एप्रिलात नियम मोडला.
पतसंस्थेच्या मॅनेजरांना, टाकळकर साहेबांना म्हणलं,
"सायेब, दार लावा. न्हाईतर एसी तरी."
ते हसले. "बिल संस्था भरते, बाई.
तुमचं काय जातंय?"
मी डबा उघडला.
भाजलेला एक पापड
त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवला.
"खाऊन बघा."
त्यांनी तुकडा मोडला. चावला. थांबले.
"वाळू आहे का काय?"
"न्हाई सायेब.
तुमचं चालू रीडिंग हाय."

मे महिन्यात स्वेटर खुंटीवर होतं.
दार लावलेलं, त्यावर हातानं लिहिलेली पाटी:
संस्था चालू आहे, ढकला.
जूनच्या सभेत ठराव झाला म्हणे,
छतावर सोलर, आणि सभासदांच्या सोलरला
व्याज एक टक्का कमी.
एक संचालक भांडला, एक झोपला होता,
ठराव मात्र झाला.

हनीफभाई आता रात्रीऐवजी दुपारी मशीन लावतो.
"एवढं ऊन सांडतंय आपल्याकडं,
म्हणलं, त्याचाच बर्फ करू."
मुंजाजींचा दिवा अजून जळतोच.
पण त्यांची नात शाळेतून येता येता
बटण दाबते,
आणि मला बघून जीभ दाखवते.
आता माझ्याआधीच लोक मीटरपाशी उभे.
"किती आलं, ताई?"
"एकतीसनं कमी."
"अन् समोरच्याचं?"
ते मी सांगत नाही. नियम आहे.

ऐकते, आता मीटर
आपलं आपण वाचणार आहेत.
वाचू देत. आकडा अचूकच सांगतील.
गल्लीतली कुत्री तेवढी
बिस्किटांची वाट बघत बसतील.

काल रात्री आईला फोन लावला.
"राख कमी झाली का गं?"
"कुठली कमी? वारा फिरलाय,
दोन दिस झाले, पल्याडच्या गावावर पडतीय."
मग थोडा वेळ दोघी गप्प.
"पापड संपले असतील तुझे. पाठवू?"
"पाठव," म्हणाले.
"अन् आई, या वेळी
झाकू नको."