कंसातला एक

बाबांचा हात आधी बशीत ऐकू आला.
कप किणकिणला, आणि आई म्हणाली,
बशीचं बूड वाकडं आहे.
बशी बदलली. किणकिण तीच.

जिन्यात उभ्या उभ्या मी फोनवर एकच शब्द शोधला:
कंपवात.
संध्याकाळपर्यंत आईच्या फोनवर,
बाबांच्या पत्त्यांच्या खेळात, दोन डावांच्या मध्ये
चार पायांच्या काठ्या उगवल्या,
न सांडणारे चमचे, विम्याची हसरी मुलगी.
बाबा म्हणाले, "यांना कोणी सांगितलं गं?"
काय, ते म्हणाले नाहीत.
मी पापड भाजत राहिले.

मग शिकले. ऑफिसातल्या फिरोज मणियारनं दाखवलं
नाव न सांगता दार कसं ठोठवायचं.
खिडकी खासगी, मधे एक बोगदा,
आणि कुणी "आधी ईमेल द्या" म्हटलं
की पाठ फिरवायची.
"बोगदाही कुणाच्या तरी मालकीचा असतो, ताई.
त्याला तुम्ही दिसताच.
फुकटातला असेल तर जरा जास्तच."
आणि फाइल आली की लगेच उघडायची नाही.
देणाऱ्यानं आकड्या-अक्षरांची लांब माळ दिलेली असते,
आपल्या फाइलची माळ काढून शेजारी धरायची.
एक मणी चुकला तरी समजायचं,
वाटेत कोणीतरी हात घातलाय.

हे मला फार नवीन नव्हतं.
बाबा चौतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
आजही कोरी नोट हातात आली की
भाजीवालीसमोर ती उन्हात धरतात,
कागदाच्या पोटातला चेहरा वर आल्याशिवाय
खिशात घालत नाहीत.
रोज सुटताना फाटकावर झडती.
डबा उघडा, बूट काढा, खिसे उलटे.
चौतीस वर्षांत जेल रोडवरच्या आमच्या घरात
छापखान्यातला कपटासुद्धा आला नाही,
आणि आत काय घडतं त्याचा शब्दही.
आम्हाला वाटायचं,
बाबांकडे सांगण्यासारखं काही नसतं.

शनिवारी रात्री देवळालीकडून बोचरा वारा.
सगळे झोपल्यावर जुन्या कॉम्प्युटरशी बसले.
पडद्याच्या हिशेबानं मी तेव्हा रॉटरडॅममध्ये होते.
रॉटरडॅममध्ये आई घोरत होती,
मागच्या रुळांवरून मालगाडी संपता संपत नव्हती.
बेचाळीस पानांची पुस्तिका:
हात थरथरू लागला तर घरच्यांनी काय करावं.
छापणारं इस्पितळ कधीच बंद पडलेलं,
प्रती मात्र भलभलत्या दारांवर, प्रत्येक दाराला
डाउनलोड लिहिलेली पाच खोटी बटणं.
सहावं खरं निघालं.
माळ जुळवली, पडद्यावर बोट ठेवून,
चौसष्टच्या चौसष्ट.
साठवताना यंत्र जरा थबकलं
आणि नावापुढे कंस घातला.
कंसात एक.

म्हणजे हीच फाइल इथे आधीच होती.

फोल्डर उघडलं. एकवीस नोव्हेंबर,
पहाटे चार चाळीस.
पहिल्या पाळीला उठायची वेळ,
निवृत्तीनंतरही अंगातून न गेलेली.
ब्राउझरचा इतिहास लख्ख पुसलेला.
थरथरत्या बोटानं त्यांनी कुठलं बटण
किती वेळा चुकवलं असेल, कुणाला ठाऊक.
फोल्डर तेवढं राहून गेलं.
किंवा, बाबांचं सांगता येत नाही,
ठेवलं.

माझी प्रत मी पुसली नाही.
त्यांच्या प्रतीशेजारी, कंसासकट, राहू दिली.

सोमवारी सकाळी कप अर्धाच भरला,
बशी दिलीच नाही.
बाबांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
उन्हात धरलेल्या नोटेकडे बघतात तसं,
बराच वेळ.
मी हलले नाही.